मक्का-मदिनेत घरचा फोन

उमराहला निघालेल्या माणसाला भेटायला येणारे लोक जाताना दोन गोष्टी सांगतात. आमच्यासाठी दुआ करा, आणि पोहोचलात की फोन करा. दुआ करायला पैसे पडत नाहीत. फोनचं मात्र तसं नाही. तो कुठल्या सिमवरून करायचा, कोणी करायचा, कोणत्या वेळी करायचा, हे घरातून ठरवून निघालं नाही तर सफरीत फोन पैसेही खातो आणि इबादतीचा वेळही खातो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे नवरा-बायको, अम्मी आणि खाला असे चौघे चिपळूणहून उमराहला जाऊन आलो. अल्हम्दुलिल्लाह, सफर सुखाची झाली. परत आल्यापासून लोक हॉटेल, जेवण आणि चालणं यांच्याबरोबर फोनबद्दलही विचारत आहेत. कोणतं सिम घेतलं? किती खर्च आला? व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागतो का? सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं, म्हणून हा लेख.

कोणासाठी फोन?

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेशातल्या माणसाच्या खबरीची वाट पाहणं नवं नाही. मुंबईहून जिद्दाला हजची जहाजं 1995 पर्यंत जात होती. त्या काळी हाजीसाहेब परत येईपर्यंत एखादं पत्र आलं तरी पुष्कळ. पुढे गावोगावचे पुरुष आखातात नोकरीला गेले. पत्रं आली, मग आवाज भरलेल्या कॅसेट आल्या. सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या बॅगेत अत्तर आणि साबणाबरोबर चार घरांच्या कॅसेट असायच्या. नंतर एसटीडी-आयएसडीचे बूथ निघाले. घड्याळाच्या काट्याकडे बघत बोलायचं आणि बिल छापून यायच्या आत फोन ठेवायचा.

आमचे अब्बा कुवेतला होते. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौज कुवेतमध्ये शिरली आणि तिथले फोन बंद पडले. त्यानंतर कित्येक आठवडे अब्बा हयात आहेत की नाहीत, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. अम्मी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी राहायची. मग एके दिवशी जॉर्डनमधल्या अम्मानहून गावातल्या दुसऱ्या एका माणसाचा निरोप आला की अब्बा तिथे पोहोचले आहेत, विमानाच्या रांगेत आहेत. त्या वर्षी एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणलं. अब्बा त्यातलेच एक.

आता अब्बा पंच्याहत्तरीचे आहेत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, त्यांचं डायलिसिस असतं. त्यांना सफर शक्य नव्हती. "तुम्ही अम्मीला घेऊन जा, माझ्यासाठी थांबलात तर तिचंही राहून जाईल," असं त्यांनीच आग्रहानं सांगितलं. धाकटा भाऊ आणि भाभी घरी होते, त्यामुळे देखभालीची चिंता नव्हती. अम्मी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत निघू की नको, यातच होती. रोज एकदा अब्बांचा आवाज ऐकायला मिळेल, हे कबूल केलं तेव्हा तिनं बॅग भरली. आमच्यासाठी फोनचा प्रश्न इथून सुरू झाला.

निघण्याआधीचा हिशेब

आम्ही एका संध्याकाळी भावाला बरोबर घेऊन बसलो आणि कागदावर तीन कामं लिहिली. पहिलं, घरी रोजचा एक फोन. दुसरं, तिथे आपण चौघे एकमेकांना सापडणं. तिसरं, बँकेचा ओटीपी. ही तिन्ही कामं एकाच सिमवर टाकली तर महाग पडतं, वेगवेगळी केली तर स्वस्त.

इथलंच सिम रोमिंगवर चालवणं सगळ्यात सोपं. नंबर तोच राहतो, दुकान शोधावं लागत नाही. सात-आठ दिवसांसाठी एकटा माणूस जाणार असेल तर आखातासाठीचा रोमिंग पॅक चांगलाच. पण आम्ही चौघे, आणि सफर अठरा दिवसांची. प्रत्येकाचा पॅक घ्यायचा म्हटलं तर खर्च चौपट होत होता.

रोमिंगमध्ये एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपण परदेशात असताना घरून कोणी आपल्या भारतातल्या नंबरवर साधा कॉल केला, तर उचलल्यावर पैसे आपल्याला पडतात. येणारा कॉल फुकट, ही इथली सवय तिथे लागू नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका जोडप्याचं पोस्टपेड कनेक्शन होतं. पॅक घेतला होता, पण तो कोणत्या दिवशी सुरू होणार हे कंपनीच्या माणसानं नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत मुलांचे, शेजाऱ्यांचे, जमातीतल्या लोकांचे मुबारकबादीचे फोन आले. परत आल्यावर त्यांना साडेनऊ हजारांचं बिल आलं. प्रीपेडला निदान शिल्लक संपली की गाडी थांबते. पोस्टपेड असेल तर पॅक सुरू झाल्याचा मेसेज हातात आल्याशिवाय विमानात बसू नये.

दुसरा मार्ग ई-सिमचा. ते भारतातूनच विकत घेता येतं, उतरल्याबरोबर इंटरनेट सुरू होतं. पण फोन ई-सिम चालणारा लागतो, आणि प्रवाशांसाठीच्या बऱ्याच ई-सिममध्ये फक्त इंटरनेट असतं, बोलण्यासाठी नंबर नसतो. तरुण मुलांना ते पुरतं. आमच्या खालाला व्हॉट्सअ‍ॅप उघडून कॉल लावता येत नाही. तिला नंबरच हवा होता.

म्हणून आम्ही तिसरा मार्ग घेतला. सौदीचं सिम तिथे उतरून घ्यायचं, आणि भारतातला एकच नंबर फक्त मेसेजपुरता चालू ठेवायचा. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. मात्र त्यासाठी निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्यावं लागतं. त्याला किमान किती शिल्लक लागते, एखादा छोटा पॅक घ्यावाच लागतो का, हे कंपनीगणिक बदलतं. नाक्यावरच्या रिचार्जवाल्याला न विचारता कंपनीच्या कस्टमर केअरला विचारलेलं बरं. ज्या नंबरला बँक जोडलेली आहे, तोच हा नंबर असावा. त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं, म्हणजे नकळत इंटरनेट चालून पैसे जात नाहीत.

घरी करून ठेवायची आणखी दोन कामं आहेत. फोनमधले घरचे सगळे नंबर अधिक चिन्ह आणि 91 लावून सेव्ह करायचे. तिथल्या सिमवरून नुसता दहा आकडी नंबर लावला तर तो लागत नाही, आणि म्हातारी माणसं गोंधळतात. दुसरं, गुगल मॅपवर मक्का आणि मदिना या शहरांचे नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचे. मग हॉटेलची वाट शोधायला इंटरनेट लागत नाही.

जिद्दाचा विमानतळ

सौदीत एसटीसी, मोबायली आणि झैन या तीन मोठ्या मोबाइल कंपन्या आहेत. जिद्दाच्या विमानतळावर त्यांचे काउंटर दिसतात, मक्का-मदिनेत दुकानंही आहेत. सिमसाठी पासपोर्ट लागतो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. म्हणजे ज्याच्या नावाचं सिम, तो माणूस स्वतः हजर हवा.

इथे अम्मीची पंचाईत झाली. तिची बोटं उभा जन्म भाताच्या लावणीत, चुलीत आणि भांड्यांत झिजलेली. काउंटरवरच्या मुलानं पाच-सहा वेळा ठसा घेतला, ओला रुमाल दिला, पुन्हा घेतला. मशीनला काही तो पटेना. खालाचंही तेच. शेवटी दोन्ही सिम आम्हा दोघांच्या पासपोर्टवर घेतली. ज्यांच्या घरची वडीलधारी माणसं कष्टाची आहेत त्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं. सिम धडधाकट माणसाच्या नावावर घ्यावं आणि फोन वडीलधाऱ्यांकडे द्यावा.

हरमच्या आसपास काही वेळा लोक चालू केलेलं सिम हातात घेऊन विकताना भेटतात. ना पासपोर्ट, ना ठसे. ते सिम दुसऱ्याच कोणाच्या नावावर असतं. पाच-दहा रियाल वाचवण्यासाठी परक्या मुलखात दुसऱ्याच्या नावाचं सिम वापरण्यात शहाणपण नाही.

दोन सिमपैकी एकात इंटरनेटचा मोठा पॅक घेतला. ते आमच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत गेलं. पहिल्या खाचेत भारताचं सिम तसंच राहिलं. नवं सिम टाकल्यावर व्हॉट्सअ‍ॅप नंबर बदलायचा का, असं विचारतं. तिथे नाही म्हणायचं. जुन्याच नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप चालू राहतं आणि घरच्यांना नवा नंबर शोधावा लागत नाही. हॉटेलमध्ये याच फोनचा हॉटस्पॉट चालू केला की दुसऱ्या फोनलाही इंटरनेट मिळतं.

दुसरं सिम फक्त बोलण्याचं. ते घरून नेलेल्या कीपॅडच्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन कापडी थैलीत घालून खालाच्या गळ्यात अडकवला. कीपॅडचा फोन घेताना तो 4जी चालणारा आणि कोणत्याही कंपनीचं सिम घेणारा आहे ना, एवढं पाहून घ्यावं. 2 चं बटण दाबून ठेवलं की आमचा फोन वाजेल, अशी सोय केली होती. विमानतळावरून मक्क्याच्या बसमध्ये तिनं ते बटण चार वेळा दाबून पाहिलं. चारही वेळा शेजारच्या सीटवर फोन वाजला आणि ती खूश झाली.

दुपारचे दोन

सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आम्ही घरी फोन करायची वेळ तिथली दुपारी 2 ची ठरवली. जोहरची नमाज आणि जेवण उरकलेलं असायचं, आणि चिपळूणला साडेचार वाजलेले असायचे. अब्बांची चहाची वेळ. डायलिसिसमुळे त्यांना पाणी मोजून प्यावं लागतं, तेव्हा चहाही अर्धा कप. तो अर्धा कप ते अर्धा तास पुरवतात.

फोन इंटरनेटवरूनच करायचो. सौदीनं इंटरनेटवरच्या कॉलवरची बंदी सप्टेंबर 2017 मध्ये उठवली. तरीही कोणतं अ‍ॅप कधी चालेल याची खात्री नसते. आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल काही दिवस सरळ लागला, काही दिवस नुसतंच कनेक्टिंग दिसत राहिलं. म्हणून भावाच्या फोनमध्ये आणि आमच्या फोनमध्ये आणखी एक कॉलचं अ‍ॅप घरूनच घालून, एकदा लावून पाहिलेलं होतं. तिकडे गेल्यावर फोनवरून भावाला अ‍ॅप कसं घालायचं हे शिकवत बसायची वेळ आली नाही.

आवाजाच्या कॉलला साधारण मिनिटाला एक एमबीच्या आत डेटा लागतो, व्हिडिओला त्याच्या पाच-सहा पट किंवा जास्त. एक जीबीत व्हिडिओवर अडीच-तीन तास बोलता येतं आणि नुसत्या आवाजावर वीस तासांहून जास्त. आमचा पॅक लवकर संपेल, अशी भीती होती ती बोलण्यामुळे नव्हतीच. डेटा खातात ते आपोआप उतरणारे व्हिडिओ, आपोआप वर चढणारे फोटो आणि रात्री स्वतःहून अपडेट होणारी अ‍ॅप. ही तिन्ही बंद केली. जमातीच्या आणि नातलगांच्या ग्रुपवरचे शुभेच्छांचे व्हिडिओ कोणी उघडले नाहीत, आणि त्यामुळे कोणाचं काही अडलंही नाही.

पहिल्या दिवशी भाभीनं फोन फिरवून सगळं घर दाखवलं. अम्मीनं इकडून खिडकीतून दिसणारा घड्याळाचा मनोरा दाखवला. अब्बा बघत राहिले, मग म्हणाले, "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे व्हिडिओ आठवड्यातून एकदा आणि बाकीचे दिवस नुसता आवाज, असं आपोआप ठरून गेलं. आठ-दहा मिनिटांत बोलणं संपायचं. अम्मी मग तासभर झोपायची आणि असरला ताजीतवानी होऊन निघायची.

शनिवारचा मेसेज

दुसऱ्या शनिवारी 2 वाजता फोन लावला तो कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. भाभीचाही फोन नुसता वाजत राहिला. त्या दिवशी डायलिसिस होतं, पण एरवी अब्बा अडीच-तीनपर्यंत घरी आलेले असतात. अम्मी पलंगाच्या कडेला बसून राहिली. तिनं काही विचारलं नाही, तसबीह हातात घेतली.

निघण्याआधी भावाशी एक गोष्ट ठरली होती. हॉस्पिटलमध्ये काही उशीर झाला, आणि तिथून इंटरनेट लागत नसलं, तर त्यानं आमच्या भारताच्या नंबरवर साधा एसएमएस टाकायचा. आम्ही तो पाहिला. मेसेज येऊन पंधरा मिनिटं झाली होती: "बीपी कमी झालं, डॉक्टरांनी थांबवलंय, आता बरे आहेत, 7 वाजता फोन करतो." डायलिसिसचं युनिट तळघरात होतं, तिथे इंटरनेट धड मिळत नव्हतं, पण एसएमएस निघाला. अम्मीला मेसेज वाचून दाखवला. तिनं आमच्याकडून तो तीन वेळा वाचून घेतला, शेवटी स्वतः फोन हातात घेऊन आकडा पाहिला. 7 म्हणजे इथले साडेचार.

असरला ती हरममध्ये आली. नमाजेनंतर बाहेरच्या अंगणात आम्ही चौघे बसलो होतो. साडेचारला फोन वाजला. अब्बांचा आवाज थकलेला होता, पण त्यांचाच होता. "आज उशीर झाला," ते म्हणाले. मग तोच प्रश्न, जेवलीस का. अम्मी जेवली नव्हती. "जेवले," असं तिनं सांगितलं.

खर्चाचं म्हणाल तर तो एसएमएस आम्हाला फुकट पडला, भावाला नेहमीच्या मेसेजपेक्षा जास्त नाही. पण तो नंबर आम्ही पैसे वाचवण्यासाठी बंद करून गेलो असतो, तर ते अडीच तास कसे गेले असते कोण जाणे.

डेटा बंद, फोन चालू

हरममध्ये जाताना आम्ही एक रीत ठेवली. आत शिरण्याआधी मोबाइल डेटा बंद करायचा, आवाज बंद करून फोन थरथरण्यावर ठेवायचा. डेटा बंद असला तरी साधा कॉल आणि एसएमएस येतो. म्हणजे चुकलेलं माणूस आपल्याला गाठू शकतं, पण व्हॉट्सअ‍ॅपचं टिंगटिंग मागे लागत नाही. पैसे वाचतात, बॅटरी वाचते आणि मन थाऱ्यावर राहतं. तवाफ चालू असताना हात उंच करून व्हिडिओवर नातलगांना काबा दाखवणारे लोक सगळीकडे दिसतात. मागून येणाऱ्याला त्यांचा धक्का लागतो, आणि त्यांचा फेरा कितवा ते त्यांनाच आठवत नाही. त्यांच्या घरच्यांनीच आग्रह केलेला असतो, हेही खरं. घरच्यांनी तो करू नये, एवढंच म्हणावंसं वाटतं.

जुम्याच्या दिवशी तवाफानंतर खाला आमच्यापासून सुटली. मताफमधून बाहेर येताना गर्दीचा एक लोंढा आला आणि तिचा हात सुटला. आम्ही हिरव्या दिव्यापाशी थांबलो, मागे गेलो, पुढे आलो. तिचा नंबर लावला तर गर्दीमुळे लागेना. एवढी माणसं एका जागी जमली की तिथलं नेटवर्क कुठल्याही कंपनीचं असो, अडखळतंच.

वीस-पंचवीस मिनिटांनी आमचा फोन थरथरला. खालानं 2 चं बटण दाबून धरलं होतं आणि फोन लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबत राहिली होती. ती कुठे आहे हे तिला सांगता येईना. तिनं तो फोन झाडलोट करणाऱ्या एका मुलाच्या हातात दिला. हरममध्ये काम करणारी पुष्कळ मुलं बांगलादेशची आणि पाकिस्तानची आहेत, उर्दू समजते. त्यानं सांगितलं, "79 नंबर, बाब मलिक फहद, अम्मा यहीं बैठी हैं।" आम्ही जाऊन पाहिलं तर खाला पायरीवर बसून त्याच्या घरची चौकशी करत होती. त्याचं लग्न झालंय का, आई आहे का, फोन करतो का.

थैलीत फोनबरोबर एक कागदही होता. त्यावर आमचा नंबर, ग्रुपच्या मुअल्लिमांचा नंबर आणि हॉटेलचं नाव अरबीत लिहिलेलं. हॉटेलच्या काउंटरवर मागितलं की असं कार्ड मिळतं. फोनची बॅटरी संपली तरी कागद संपत नाही. आणि मक्का-मदिनेत अडचणीच्या वेळी 911 हा नंबर आहे, तोही त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. तिथे खुणेची जागा म्हणून गेटचा नंबर सांगावा. "घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटू" असं म्हणणारे हजारो लोक असतात, आणि तो मनोरा 600 मीटर उंच आहे, सगळीकडून सारखाच दिसतो.

मदिनेत

मदिना शरीफमध्ये फोनचं काम वेगळं. मस्जिदे नबवीत बायकांची आणि पुरुषांची नमाजेची जागा वेगळी, दरवाजे वेगळे. दिवसातून पाच वेळा चुकामूक आणि पाच वेळा भेट. इथे फोन लावायची गरजच पडू नये म्हणून आम्ही एक छत्री ठरवली. तिथल्या अंगणातल्या छत्र्यांच्या खांबांजवळ गेटचे नंबर दिसतात. नमाज झाली की त्या खांबाशी यायचं, पाच मिनिटं थांबायचं, मगच फोन. दोन दिवसांत सवय झाली आणि फोन खिशातच राहिला.

रियाजुल जन्नतमध्ये जाण्यासाठी नुसुक अ‍ॅपवरून परमिट काढावं लागतं. पुरुषांच्या आणि बायकांच्या वेळा वेगळ्या असतात. वेळ मिळवायला इंटरनेट लागतं, आणि रांगेत उभं राहताना परमिट दाखवायला चार्ज असलेला फोन लागतो. नोंदणी करताना येणारा ओटीपी आमच्या भारताच्या नंबरवर आला, तेव्हा ते सिम पुन्हा एकदा कामाला आलं. मक्क्याला पोहोचल्यावरच मदिनेच्या तारखा पाहायला सुरुवात करावी. वेळा लवकर भरतात.

चार्जिंगचं एक राहिलं. सौदीत भिंतीवरचे सॉकेट तीन चपट्या पिनांचे असतात. आपली गोल पिनांची चार्जरची पिन त्यात बसत नाही. मुंबईत शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा अ‍ॅडाप्टर हॉटेलजवळच्या दुकानात महाग पडतो. पॉवर बँक न्यायची तर विमानात ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, सामानात टाकता येत नाही.

ज्यांचं तिकीट दुबईमार्गे आहे त्यांच्यासाठी एक सूचना. तिथल्या विमानतळावर फुकट वायफाय मिळतं, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणि आवाजाची नोंद पाठवता येते. पण अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल सहसा चालत नाही. ज्यांची माणसं दुबईला आहेत त्यांना हे ठाऊक आहेच. घरच्यांना आधी सांगून ठेवावं, म्हणजे फोन लागला नाही म्हणून कोणी घाबरणार नाही.

खर्च किती झाला?

रियालचा दर डॉलरला 3.75 असा 1986 पासून बांधलेला आहे. आपल्या रुपयात आम्ही गेलो तेव्हा एक रियाल 23 रुपयांच्या आसपास होता. दोन्ही सिम, पॅक आणि मध्ये एकदा केलेला बोलण्याचा रिचार्ज मिळून आमचे दीडशे रियालच्या आत गेले. म्हणजे चौघांचे अठरा दिवसांचे साडेतीन हजार रुपयांच्या आत. माणशी नऊशेही नाही. कीपॅडचा फोन वेगळा, पण तो आता खाला घरी वापरते.

पैसे कमी लागले ते स्वस्त सिम मिळालं म्हणून नव्हे. सिमचे दर बदलत राहतात, तुम्ही जाल तेव्हा ते वेगळे असतील. कमी लागले कारण काम आधी ठरलं होतं. घरी फोन दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. अडचण आली तर एसएमएस. चुकलेल्या माणसासाठी एक बटण. बाकी सगळं बंद. इसराफ नको, असं आपण जेवणाबद्दल आणि लग्नाच्या खर्चाबद्दल बोलतो. बोलण्याच्या आणि बघण्याच्या बाबतीतही ते लागू आहे.

घरी राहणाऱ्यांनाही यात काम आहे. नातलगांना आणि शेजाऱ्यांना सांगावं की सफरीत असलेल्यांच्या भारताच्या नंबरवर साधा फोन करू नका, खबर आमच्याकडून घ्या. आमच्या भाभीनं ते काम अंगावर घेतलं होतं. रोज साडेचारचा फोन झाला की ती जमातीच्या बायकांच्या ग्रुपवर एक ओळ टाकायची. त्यामुळे आम्हाला कोणाचा फोन आला नाही आणि कोणी रुसलंही नाही.

तुमच्या घरातून कोणी निघणार असेल तर बॅग भरण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा. घरी राहणाऱ्यांना आणि जाणाऱ्यांना एकत्र बसवा. फोनची वेळ ठरवा, दोन्हीकडच्या घड्याळानुसार लिहून भिंतीला लावा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात फोन देऊन कॉल लावायला, उचलायला आणि कापायला शिकवा, चार वेळा करून घ्या. आणि घरी जे माणूस वाट पाहणार आहे, त्याला कोणती वेळ सोयीची हे त्यालाच विचारा. अल्लाह सगळ्यांना आपल्या घराची जियारत नसीब करो आणि प्रत्येक मुसाफिराला सुखरूप घरी आणो. आमीन.